सर्वांत वरच्या ओळीतली आद्याक्षरे

जे आता लिहितो आहे ते माझ्या पत्नीलाही मी सांगितले नव्हते, आणि ती गेली. ऐकणारे तुम्ही पहिलेच. गेल्या महिन्यात माझा अमृतमहोत्सव झाला नसता तर कदाचित तुम्हीही ऐकले नसते. तिथे आमच्या जुन्या कंपनीतले जोशी भाषणात म्हणाले, “सरांनी गावित मॅडमची चूक पोटात घातली, बाहेर अवाक्षर काढलं नाही!” टाळ्या पडल्या. मी शाल सावरली आणि हात जोडले.

जोशी, तुमचे म्हणणे साफ खोटे आहे. डिस्क भरली म्हणून पुरावा अर्धवट राहिला, असे सांगणारे दुसरे आहेत, तेही खोटे. त्या खोलीत मी एकटा होतो.

आम्ही नाशिकमध्ये डेटाबेस सर्व्हर, म्हणजे नोंदी साठवणारी संगणकप्रणाली, बनवत होतो — स्वतःचा, कोणाची नक्कल नव्हे. त्याचा अभिमान मला आजही आहे, तो मी सोडणार नाही. विंचूरच्या एका वायनरीत टाक्यांच्या तापमानाच्या नोंदी त्यावर होत. सतरा वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, तो तीनदा कोसळला. सुमन गावित या सुरगाण्याच्या डोंगरातून आलेल्या आमच्या इंजिनिअर. बॅकअपचा नवा भाग त्यांनी लिहिलेला. मग संशय कोणावर जाणार? चहाच्या वेळी जोशीच म्हणायचे, “मॅडम, सर्व्हर परत झोपला. तुमच्या डोंगरातलं औषध द्या काहीतरी!” सगळे हसत. मीही — हो, मीही.

बाई हसल्या नाहीत. “सर, क्रॅश डंप घेऊ,” म्हणाल्या. “त्यात माझं नाव निघालं, तर राजीनामा मीच लिहिते.”

सर्व्हर कोसळतो त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे असते, ते सगळे एका फाइलमध्ये उतरवायचे — तो क्रॅश डंप. पण तो उपयोगी पडावा अशी तयारी आधीच करावी लागते. फाइलच्या आकारावरची मर्यादा काढायची, डिस्कवर पुरेशी जागा राखायची, फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकेका तुकड्याची, नावे ओळखता येतील अशी माहिती जपायची. नाहीतर हाती नुसते आकडे येतात. या तयारीचे दोन पानी टिपण बाईंनी करून दिले. ते घेऊन मी विंचूरला गेलो. दुपारी, सर्व्हरच्या खोलीत मी एकटा असताना, तो चौथ्यांदा कोसळला. डंप पूर्ण निघाला — इतका स्वच्छ डंप मी आयुष्यात पाहिला नव्हता.

प्रत्येकाने आपल्या फंक्शनच्या नावाआधी आपली आद्याक्षरे लावायची, हा नियम माझा. चूक कोणाची ते लपू नये म्हणून मीच तो सक्तीने लागू केला होता. डंपमधल्या, त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत सर्वांत वर, सर्व्हर जिथे मेला त्या ओळीत, आद्याक्षरे होती — माझी. काम संपल्यावर परत करून टाकलेल्या मेमरीत माझे फंक्शन पुन्हा हात घालत होते. नवख्याची चूक! बाईंचे नाव त्या यादीत कुठेच नव्हते.

मी फाइल पुसली. ऑफिसात सांगितले, डिस्क भरली, डंप अर्धवट निघाला.

“जागा मी मोजून दिली होती, सर,” बाई एवढेच म्हणाल्या. त्यांना कळले होते का? कळले नसेल, असे मी इतकी वर्षे कशाच्या जोरावर मानले?

महिन्याभरात त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला. त्यांना काढावे, या शिफारशीवर सही माझी. मग ‘किरकोळ साफसफाई’ असा शेरा मारून मी माझे फंक्शन दुरुस्त केले. सर्व्हर पुन्हा पडला नाही. बाई गेल्या आणि सर्व्हर सुधारला — जोशींना याहून मोठा पुरावा कशाला हवा होता?

तेव्हा जोशी, पुढच्या भाषणाआधी दुरुस्ती करून घ्या. मी त्यांची चूक पोटात घातली नाही. माझी चूक त्यांच्या माथी मारली. कारण विचाराल, तर देणार नाही — जे देईन ते सबबीसारखे दिसेल, आणि असेलही.

बाई आता सुरगाण्यालाच असतात. या मजकुराची एक प्रत स्पीड पोस्टाने त्यांच्याकडे गेली आहे, एक जोशींकडे. दोन्हींवर, सर्वांत वरच्या ओळीआधी, नियमाप्रमाणे माझी आद्याक्षरे आहेत.