कमलआत्याचा दुसरा फोटो

नागपूर स्टेशनावर हावड्याची गाडी सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि नेमकं तेव्हा मी तोंड उघडलं. तोंड उघडण्याची माझी वेळ नेहमीच चुकते. सव्विसाव्या वर्षी सरकारी कंपनीत नोकरी लागून मी कलकत्त्याला निघालो होतो. निरोपाला अर्धी गल्ली लोटली होती. आईच्या हातात दशम्यांचा डबा, डोळ्यांना पदर. शेजारी मोठे काका, म्हणजे आमचे तात्या, आणि त्यांच्याबरोबर मला ‘सहज बघायला’ आलेले एका मुलीचे वडील. आईला धीर द्यावा म्हणून मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “रडतेस कशाला? तिथं कमलआत्या आहे की! सुरुवातीला तिच्याकडेच राहीन.”

एक चहावाला तेवढा ओरडत राहिला. बाबा सिग्नलकडे असे बघू लागले, जणू तो त्यांनीच लावला होता. तात्या त्या पाहुण्यांकडे वळून हसत म्हणाले, “ह्याचं हे असंच. आम्हाला बहीण एकच, अकोल्याची.” पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि ते स्थळ तिथंच आटोपलं. गाडी हलली तसे बाबा खिडकीशी धावले आणि तात्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “बराकपूर. घाटाच्या रस्त्याला. मेट्रन म्हण, कुणीही दाखवेल.”

दर दिवाळीला कलकत्त्याहून पार्सल यायचं आणि बाबा ते स्वतः पोस्टात जाऊन आणायचे, एवढंच मला ठाऊक होतं. आईला बंगाली तांताची सुती साडी, आम्हा पोरांना खाऊ. पाठवणाऱ्या आत्याचा फोटो घरात नव्हता. मी मूर्ख असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नागपूरच्या मंडळींनो, हे सगळं तुमच्यासाठी लिहितोय. तात्यांच्या विनूदादानं कुलसंमेलनाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला होता. त्याला हवा होता तसला हा नाही.

कमलआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण आणि बाबांची ताई. लग्नाला वर्ष व्हायच्या आत विधवा झाली. आमच्या आजोबांनी, त्यांच्या बाजूचं असेल तेही सांगायला हवं, तिचं केशवपन होऊ दिलं नाही. तिला नर्सिंग शिकायला पाठवलं. गावानं नावं ठेवली, तेव्हा आजोबा म्हणे ओट्यावर उभे राहून गावाशी भांडले. मग युद्ध आलं. आत्या लष्करी नर्स झाली आणि बोटीनं सिंगापूरला गेली. सिंगापूर पडलं तेव्हा तिच्या वॉर्डात हलवता न येणारे जखमी होते. बोटीत जायला जागा मिळत होती, ती गेली नाही आणि जपान्यांच्या कैदेत सापडली.

“कुणीतरी थांबायला हवंच होतं रे बाळू,” ती मला म्हणाली होती. “माझ्यामागे रडणारं असं कोण होतं?”

हे तिनं मला एका बैठकीत सांगितलं नाही. बराकपूरच्या तिच्या दोन खोल्यांत मी ‘सुरुवातीला’ म्हणून गेलो आणि दोन वर्षं राहिलो. रोज सकाळी सियालदाची लोकल धरण्याआधी माझी तपासणी व्हायची: नखं, जीभ, बूट. चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली ताणून बसवलेले नसतील तर चहा नाही. सत्तरीची बाई आणि मी तिच्यापुढे अंगठे धरून उभा राहिल्यासारखा. पाडा, म्हणजे तिथला सगळा मोहल्ला, तिला मेट्रन-दी म्हणायचा, मला नुसतं ‘मेट्रनचा भाचा’. एवढी इंजिनिअरिंगची पदवी, पण ओळख तेवढीच.

तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तीत जुन्या सुती साड्या फाडून, उकळून, गुंडाळून ठेवलेल्या पट्ट्या. घरात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, तरी ट्रंक भरलेली. रविवारी ती पट्ट्या गुंडाळायला बसायची आणि दुसरं टोक मला धरायला लावायची. त्या वेळी ती बोलायची. कैदेत पट्टी एकदाच वापरून टाकणं माहीत नव्हतं. धुवायची, उकळायची, पुन्हा बांधायची, सूत विरेपर्यंत. क्विनाइन संपलं होतं. बांबू तासून मोडक्या हातांना बांधायचे. अन्नम्मा नावाची तिची मल्याळी मैत्रीण तिच्याच बरोबर कैदेत होती. आधी तिचे पाय सुजले, मग ती गेली. मेलेल्या माणसाची हनुवटी बांधायला शिल्लक पट्टी देता येईना, म्हणून आत्यानं आपल्या साडीचा काठ फाडून बांधली. हे सांगताना तिचा हात थांबला नाही. थांबला तो माझा, आणि मी टोक सोडलं म्हणून मला बोलणी बसली.

युद्ध संपल्यावर तिला जहाजानं कलकत्त्याला उतरवलं. तिथून ती नागपूरला आली. पुढचं मी तिच्याच शब्दांत ऐकलंय, तेव्हा कुणी ‘तसं नव्हतं’ म्हणून मला फोन करू नये.

दारात सगळे उभे होते. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. तिला वाटलं, आता आई मिठी मारेल. आई एक पाऊल पुढे आलीही. तेवढ्यात आजोबा, तेच ते गावाशी भांडलेले सुधारक आजोबा, म्हणाले, “आधी ते होऊ दे.” ओट्यावर भटजी बसलेले होते. चांदीच्या वाटीत पंचगव्य. परक्या सैनिकांच्या ताब्यात राहिलेली बाई, तिला प्रायश्चित्त घेतल्याशिवाय उंबरा कसा ओलांडू द्यायचा? शेजारी तात्या. त्यांचं लग्न ठरत होतं.

“गोमूत्राचं काही नव्हतं रे,” आत्या हसून सांगायची, “तिथं त्याहून वाईट प्यायले होते. पण मी त्यांना विचारलं, प्रायश्चित्त कशाचं? मी काय केलं ते सांगा, लगेच पिते. कुणी सांगेना. भटजीसुद्धा नाही.”

ती उभीच राहिली. वाटीही तशीच राहिली. धाकटा भाऊ, म्हणजे आमचे बाबा, तेव्हा शाळकरी; ते रडायला लागले. मग तिनं आपली बॅग उचलली आणि कलकत्त्याची परतीची गाडी धरली. बराकपूरला एका रुग्णालयात नोकरी मिळाली, पुढं ती तिथंच मेट्रन झाली. इकडे नागपुरात आम्हाला आत्या एकच उरली, अकोल्याची.

मला राग कशाचा येतो सांगू? आजोबा दुष्ट असते तर बरं झालं असतं, दुष्टांना शिव्या देऊन मोकळं होता येतं. ते चांगले होते. विधवा मुलीसाठी गावाशी भांडले, आणि तीच मुलगी कैदेतून जिवंत परतली तेव्हा तिच्यापुढे वाटी धरली. पोरगी वाळून काटकी झालेली, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि यांना काळजी कशाची, तर आपल्या उंबऱ्याची!

माझं लग्न इथंच झालं. नीलिमा भवानीपूरची, तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेल्या मराठी घरातली. स्थळ आत्यानं शोधलं. तात्यांचा निरोप आला, “ती असेल तर आम्ही येणार नाही.” ती होतीच. वधूवरांना उभं करून तिनं आधी माझी नखं बघितली. नागपूरहून आई-बाबा आले, बाकी कुणी नाही. आत्याला बघून बाबा पुन्हा शाळकरी झाले, ते मी बघितलंय.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही न्यू टाउनला अकराव्या मजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये शेजारी ‘दादा, कॅमोन आछेन’ म्हणून ख्यालीखुशाली विचारतात. लेक मराठीत सुरू करते आणि बंगालीत संपवते. आणि गेल्या महिन्यात तात्यांचा विनूदादा आमच्याकडे आला.

विनूदादा वाईट माणूस नाही. सत्तरी ओलांडलेला, गुडघे दुखत असताना माझ्यासाठी आठवणीनं संत्रा बर्फी घेऊन आला. संमेलनात ‘आपल्या घराण्यातील कर्तबगार स्त्रिया’ असा मोठा फलक लावणार होते. “कमलआत्याला पहिला मान,” दादा म्हणाला. माझा ऊर भरून आला. मी धावत जाऊन तिचे दोन फोटो आणले. दोनच आहेत. एकात कडक इस्त्रीच्या गणवेशातली, बोटीवर चढण्याआधीची आत्या. दुसऱ्यात सुटकेनंतरची: डोक्यावरचे केस कापलेले, अंगात कुणा सैनिकाचा ढगळ शर्ट, गळ्याची हाडं वर आलेली, शेजारी तशाच दोघी. तिघी चक्क हसताहेत.

दादानं पहिला उचलला. दुसरा टेबलावर पालथा घातला.

“हा नको. ह्यात भिकाऱ्यासारखी दिसते. आणि लेखात ते कैदेचं नको रे. ‘महायुद्धात रुग्णसेवा’ एवढं पुरे. नातसुनांची माहेरची माणसं येणार. कुणी काही विचारलं तर काय सांगायचं?”

“काय विचारतील?”

“तुला कळतंय मी काय म्हणतोय ते.”

“नाही कळत. तू सांग.”

“अरे, झालं गेलं...”

“चुप कोरो!” मी ओरडलो. राग आला की हल्ली मी बंगालीत जातो; दादाला बंगाली येत नाही, पण पोचलं. मग मराठीत आलो. म्हटलं, “दादा, तेव्हा वाटी धरली होती, आता तू फोटो पालथा घालतोस. बाई तीच, उंबराही तोच. ज्या वर्षांमुळे ती कर्तबगार, तीच वर्षं तुम्हाला कापून टाकायचीत! दोन्ही फोटो ने आणि खाली ‘युद्धकैदी’ असं लिही. नाहीतर एकही मिळणार नाही.”

“तात्यांना नावं ठेवू नकोस. गेलेत ते.”

“तीही गेली.”

दादानं पहिला फोटोही हळूच टेबलावर ठेवला, दुसऱ्याच्या शेजारी. “पोरांना नाही समजावता येणार मला,” म्हणाला. उठला. आणि मी काय केलं? इतकं सगळं सुनावल्यावर त्याची बॅग उचलली, त्याला विमानतळावर सोडलं आणि वहिनींसाठी संदेशचा डबा दिला. आपला संताप हा असा, डबा बांधून देणारा.

परत येताना गाडीत मी स्वतःशी बोलत होतो. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी म्हणायचो, घर नागपूरला, नोकरी कलकत्त्याला. इथं मी आजही बाहेरचाच, माझं बंगाली ऐकून मासेवालासुद्धा हसतो. पण एक वाळलेली मराठी बाई एकटी बॅग घेऊन आली, तेव्हा या मुलखानं तिला दारात थांबवलं नाही. कामाला लावलं, मेट्रन-दी म्हटलं, आणि तिच्या हातचं पाणी प्यायलं. मग घर कुठलं म्हणायचं? ज्याला पुसायचं असेल त्यानं माझ्या पत्त्यावरून नागपूर पुसावं. माझ्याकडून ते पुसलं गेलंय.

घरी आलो तेव्हा नीलिमा टेबलाशी बसली होती. दोन्ही फोटो तिनं उभे करून ठेवले होते. मी विचारलं, “फार बोललो का गं?”

ती म्हणाली, “दुपारभर बसले होते विनूदादा. आत्या शेवटी कशा गेल्या, उशाशी कोण होतं, एकदा तरी विचारलं त्यांनी? तेवढं विचारलं असतं ना, तर तुला न सांगता दोन्ही फोटो मीच त्यांच्या बॅगेत ठेवले असते.”