भोयर सिस्टरचं मँडोलिन

भोयर सिस्टर दुकानातलं मँडोलिन रोगी तपासावा तसं तपासायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नागपूरच्या सदर भागातल्या एका वाद्यांच्या दुकानात. नर्सची पांढरी साडी, छातीवर पिनेनं अडकवलेलं घड्याळ, आणि मांडीवर एक नवंकोरं मँडोलिन आडवं. त्यांनी त्याची पाठ बोटांनी ठोकली, कान लावला. मग एक डोळा मिटून गळ्याच्या टोकाकडून सरळ नजर टाकली आणि निदान सांगितलं, "याचा कणा वाकडा आहे गा. दोन वर्षांत पार कुबड निघते."

दुकानदार म्हणाला, "सिस्टर, आज सकाळीच आलाय माल."

"मंग जन्मताच वाकडा आहे."

मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते आणि पहिल्या पगारातून मँडोलिन घ्यायला आले होते. सिनेमातली गाणी वाजवायची, एवढाच हेतू. मला आवडलं होतं ते गोल पोटाचं, चकचकीत, काठाला शिंपल्यांची नक्षी असलेलं. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "ते टरबूज नको घेऊ वं. मांडीवर ठरत नाई. सपाट पाठीचं घे." मी अर्थातच टरबूज घेतलं. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "घेतलंच तं रविवारी ये. निदान तारा तं नीट लावून देतो."

सिस्टर राहायच्या माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून. मूळच्या मौद्याकडच्या, घरी शेती, भाऊ अजून तिकडेच. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. दवाखान्याच्या मेट्रन होत्या मदर ब्रिजिट, आयर्लंडहून आलेल्या. त्यांच्या वडिलांचं मँडोलिन त्या सोबत घेऊन आल्या होत्या. संधिवातानं बोटं आखडली तेव्हा मदरनी ते आपल्या सगळ्यात हट्टी विद्यार्थिनीच्या हातात दिलं आणि सूर तोंडानं म्हणून शिकवले. मौद्याच्या शेतकऱ्याची मुलगी अशी आयर्लंडच्या स्वयंपाकघरांत नाचण्यासाठी वाजतात त्या चाली वाजवू लागली. नागपुरात तशी दुसरी कोणी असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या रविवारी मी ऐटीत एक सिनेमाचं गाणं वाजवलं. आमच्याकडे मँडोलिन म्हणजे तार भराभर छेडून सूर थरथरता ठेवायचा. सिस्टरनी माझं मनगटच धरलं.

"काहून वं? ताप आला का त्याले? थरथरून राहिलं ते."

"असंच वाजवतात, सिस्टर."

"रडाले ठीक आहे. नाचाले नाई चालत." साबणाच्या डबीच्या झाकणातून कापलेली, तारा छेडायची एक नखी त्यांनी माझ्या बोटांत दिली. "खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. म्हण, झुणका दे, भाकर दे. 'झु'वर जोर, 'भा'वर जोर."

मी म्हटलं, हा तर दादरा. त्या म्हणाल्या, "दादराच, पण बैल सुटल्यावानी." मी तारांवर नजर खिळवून बसले की त्या ओरडायच्या, "पाय पाय!" यातला दुसरा 'पाय' म्हणजे त्यांच्या बोलीत 'पाहा', हे कळायला मला तीन रविवार लागले. म्हणणं एवढंच, की पायांकडे पाहा. समोर कोणी नाचत आहे असं धरून वाजव; त्याचा पाय अधांतरी राहिला तर दोष तुझा.

तारांच्या बाबतीत त्या फार कडक. मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात हव्यात. एक तार किंचित उतरली तरी म्हणायच्या, "नवराबायकोचं बिनसलं. पहिले समजूत काढ." तारेच्या टोकाला अडकवायचा फासा त्या दवाखान्यातल्या जुन्या चिमट्यानं इतका सुबक वळवायच्या, की जखमेला टाका घालत आहेत असं वाटे. त्यांचे नियम दोनच. जुन्या वाद्याला बारीक तारा. आणि सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढायची, एक चढवायची. "तारांखालची घोडी चिकटवलेली नसते, दाबावर उभी असते. लगाम सोडला की पळते."

हे दोन्ही नियम मी एकाच दुपारी मोडले.

झालं असं, की भावाच्या आजारपणासाठी सिस्टर आठवडाभर गावी गेल्या आणि मदरचं मँडोलिन माझ्याकडे ठेवून गेल्या. परतल्यावर लगेचच दवाखान्याच्या हॉलमध्ये मदर ब्रिजिटचा निरोप समारंभ होता. त्या कायमच्या मायदेशी चालल्या होत्या. त्यांच्या वडिलांची आवडती चाल सिस्टर त्यांना ऐकवणार होत्या. मला वाटलं, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये या बारीक तारांचा आवाज कुठे पोचणार? मी जाड तारा आणल्या, जुन्या सगळ्या काढल्या, नव्या चढवल्या आणि सुरात येईपर्यंत पिळत राहिले. आवाज खरंच मोठा आला. मला फार हुशार वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो घोडी खाली रुतलेली, आणि पुढच्या फळीवर चांगली वीतभर चीर.

सिस्टर गावाहून थेट माझ्याकडेच आल्या. मी मँडोलिनची पेटी उघडली आणि हुंदके द्यायला लागले.

"पहिले ताण उतरव," त्या म्हणाल्या. "रडणं मंग."

आठही खुंट्या ढिल्या झाल्या, तेव्हा त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. चेहरा उतरला होता. मग पेटी बंद करून म्हणाल्या, "काढ तुझं टरबूज."

टरबूज खरोखरच मांडीवर ठरेना. चाल रंगात आली की ते पोटावरून घसरून थेट गुडघ्यावर. समारंभाच्या दिवशी सिस्टरनी मला बँडेजचा गुंडाळा दिला आणि हात वर करून उभ्या राहिल्या. मी मँडोलिनसकट त्यांच्या कमरेला सात वेढे घातले. "घट्ट," त्या म्हणाल्या. "बरगडी मोडल्यासारखं बांध." त्या अवतारात त्या हॉलमध्ये शिरल्या तेव्हा एका डॉक्टरांनी घाबरून विचारलं, काय झालं?

मदर पुढच्याच खुर्चीत होत्या. वाळलेल्या, ताठ. त्यांनी विचारलं, "मेरा मँडोलिन किधर है?"

मी उठले. खरं सांगून टाकायचं ठरवलं. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मुझसे टूट गया, मदर. जाड तार लगा दी."

मदरनी नुसती वाजवण्याची खूण केली. सिस्टरनी वाजवायला घेतलं. पण त्याही मनातून हलल्या असाव्यात. चाल नुसती सुसाट सुटली. मदरनी हात वर केला. "धीरे, धीरे. मेरा बाप गाय लेके घर आ रहा है. ट्रेन नहीं पकड़ रहा."

हॉल हसला, सिस्टरही हसल्या, आणि चाल ठिकाणावर आली. दुसऱ्या आवर्तनाला मदरच्या झग्याखाली काळा बूट हलू लागला. तिसऱ्याला त्या तोंडानं सूर म्हणत होत्या, आणि टाळ्या संपल्यावर म्हणाल्या, "एक बार मेरा बाप उस मँडोलिन पर बैठ गया था. उसको आदत है."

परतताना मी विचारलं, "सिस्टर, माझं नाव का नाही घेतलं?"

"घेतलं असतं तं तू रडली असती, तुले समजावण्यात मदरचा टाइम गेला असता. मले वाजवाचं होतं."

चीर एका हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यानं आतून पट्टी लावून सांधली. मला मात्र चैन नव्हतं. वर्षभरानं मी धीर करून मदरना आयर्लंडला पत्र लिहिलं आणि खरं काय ते कळवलं. उत्तर आलं ते नेमकं सिस्टर निवृत्त होऊन गावी निघाल्या त्या दिवशी. एसटी स्टँडवर मौद्याच्या बसमध्ये मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि पत्राचा अर्थ सांगू लागले. मदरनी लिहिलं होतं, 'भोयरच्या हातून त्या वाद्याला जाड तार लागणं शक्य नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. उभी राहून थरथरणारी मुलगीही मला दिसली होती. पण भोयर इतक्या ठामपणे खोटं बोलत होती, की तिला अडवणं मला बरं वाटेना.'

सिस्टरनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग त्यांना हसू आलं, ते आवरेना. छातीवरचं घड्याळ उड्या मारायला लागलं. पुढच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले.

"पाय वं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "देवाची बाई, अन् मले वर्षभर खोट्यात ठेवून गप बसली!"

कंडक्टरनं घंटी दिली. मी घाईनं उतरले. बस वळणापर्यंत गेली तरी त्या हसतच होत्या.