मधली रेषा

"दादा, ही रेषा मी ठिपक्यांच्या मधून काढलीय. म्हणजे निम्म्या पिना तिच्या आधीच मोडणार!"

"मग निम्म्या तिच्यापुढं टिकणार, असं का म्हणत नाहीस, लेका?" थोरल्यानं आलेखाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. "तुझं तोंड जन्माचं वाकडं."

धाकट्याला कारखान्यात सगळे गणित्या म्हणायचे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या पोलादी पिना थोरला बनवायचा, विकायचा. त्या किती टिकतील हे धाकट्यानं सांगायचं. घरानं त्याला शिकवलं ते एवढ्यासाठीच. त्याच पोलादाची सळई तो यंत्रात धरायचा, ताणायचा, दाबायचा, पुन्हा ताणायचा, पार तुटेस्तोवर. तुटलेल्या दर सळईचा आलेखावर एक ठिपका. धातू जरासा ताणला तर सोडल्यावर जागेवर येतो, जास्त ताणला तर थोडा लांबलेलाच राहतो. दोन्हींचं गणित वेगळं. बेरीज केली की पिनेच्या आयुष्याची रेषा निघते. त्या रेषेपायी त्याचे केस गेले, लग्नाचं वय गेलं. पुतण्या-पुतणी हीच त्याची लेकरं.

"सगळ्या ठिपक्यांच्या खालची रेषा धरू. तिच्याआधी एखादीच मोडेल."

"आणि एवढा कमी आकडा ऐकून आपलं गिऱ्हाईक, तो ट्रॉलीवाला, दुसऱ्याच्या दारात गेला म्हणजे? तू गणित कर, धंदा मी बघतो."

"भर रस्त्यात ट्रॉली सुटली, मागं कुणी फटफटीवर असला, तर?"

"माल जास्त भरला होता म्हणू."

"मग माझी सही मिळणार नाही."

"तुझ्या सहीचा शिक्का केलाय मी मागंच. उगाच तुझ्या हाताला त्रास नको."

थोरल्यानं त्याच्यासमोरच ट्रॉलीवाल्याला फोन लावला आणि मधल्या रेषेचा आकडा ठोकून दिला. "माझ्या भावानं काढलाय. गणितात त्याचा हात कोणी धरणार नाही!"

फोन खिशात घालून तो दाराशी गेला, तिथंच घुटमळला. "अरे, उद्या पोरं आपल्या ट्रॉलीत बसून मामाकडं निघालीत. आपली पिन कधी बदलायची?"

"कुठल्या रेषेनं सांगू?"

"खालच्या! हे काय विचारणं झालं?"

गणित्याच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. पण डोळ्यांपुढं पुतणी आली, ट्रॉलीच्या फळीवर पाय हलवत बसलेली.

"आजच बदल," तो म्हणाला.

थोरला समाधानानं गेला. ट्रॉलीवाल्याची पोरंही याच पिनेवरच्या ट्रॉलीत बसत असतील, हे गणित्याला ठाऊक होतं. ट्रॉलीवाल्याला कळवायला त्याचा स्वतःचा फोनही हाताशी होता. पण त्यानं यंत्राच्या जबड्यातले तुटके तुकडे काढले, नवी सळई आवळली आणि बटण दाबलं.