भिमाजींचा डिझेल पिणारा बैल

तळवड्याच्या भिमाजी भालेकरांना मी प्रथम पाहिले, तेव्हा ते आमच्या कारखान्यातील फोर्कलिफ्टचे दात शोधत होते. हे विधान अक्षरशः घ्यावे. त्यात अतिशयोक्ती नाही. मात्र त्यामागची हकिकत क्रमाने सांगितली पाहिजे.

भिमाजींची सारी हयात औतामागे गेली. गावच्या भाद्रपदी पोळ्याला वेशीवर तोरण बांधत, त्याखालून पहिला बैल भालेकरांचा जाई आणि मिरवणूक सरली की तोरण तोडत. हा त्या घराण्याचा मान होता. चाकणच्या बाजारात बैलाच्या पाठीवर नुसती थाप मारून ते त्याचा स्वभाव सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. ही ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली, असे त्यांचे शेजारी आणि आजन्म प्रतिस्पर्धी हिंदुराव म्हणत.

पुढे औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली. मुलगा ज्योतीराम आमच्या ओतकामाच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवू लागला. पुढच्या दोन लांब लोखंडी सुळ्यांवर अवजड माल उचलणारी ती गाडी म्हणजे कारखान्यातील सर्वांत कष्टाळू कामगार. आणि १९७६ च्या उन्हाळ्यात गोठ्यातला अखेरचा बैल, हरण्या, म्हातारपणाने गेला. त्यानंतर बापलेकांत बोलण्यासारखे काही उरले नाही. ज्योतीराम शिफ्ट संपवून येई, भिमाजी रिकाम्या दावणीकडे पाहत बसलेले असत आणि दोघांमध्ये निरोप पोचवण्याचे काम सून शालनबाई करी.

अशात पोळा जवळ आला. हिंदुराव पारावर सर्वांदेखत म्हणाले, "भिमाजीदादा, औंदा तोरणाखालनं पयली आमची जोडी. बैल न्हाई, तर मान कसला?"

त्या दिवसापासून भिमाजींनी अन्न सोडले. ते चहा तेवढा घेत.

"मामंजी, दोन घास तरी खावा," शालनबाई विनवी.

"हरण्याला घास न्हाई, तर मला कशाला?" एवढे बोलून ते ताट सारत.

सासरे दिवसेंदिवस वाळू लागले, तेव्हा शालनबाईने नवऱ्याला गाठले. "तुमच्या कंपनीत शिंगंवालं जनावर हाय की. डबा द्याया आले तवा बघितलं मी."

"अगं, ती गाडी हाय!"

"मग हरण्या काय कलेक्टर व्हता? ओझं उचलतंय, घर पोसतंय. आणिक काय पायजे?"

ज्योतीराम दुसऱ्या दिवशी आमचे मॅनेजर उद्धवराव यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, एक दिवस फोर्कलिफ्ट गावात न्यायची हाय."

"कशासाठी?"

"वडील जेवत न्हाईत."

या दोन वाक्यांचा संबंध लावण्यास उद्धवरावांना काही वेळ लागला. परंतु त्यांच्याही घरी वृद्ध आई होती. मिक्सर सुरू झाला की ती रागाने देवघरात जाऊन बसे. ते हसले नाहीत. पोळा गुरुवारी, म्हणजे आमच्या साप्ताहिक सुट्टीलाच येत होता. त्यांनी होकार दिला. गेटपास करणे माझ्याकडे होते. 'प्रयोजन' या रकान्यात मी पुष्कळ विचारांती 'पोळा' असे लिहिले आणि परतीच्या वेळेपुढे 'तोरण तुटल्यावर'.

आदल्या संध्याकाळी ज्योतीरामने वडिलांना कारखान्यात आणले. भिमाजींनी फोर्कलिफ्टभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, पाठीवर थाप मारली आणि वाकून दात शोधले.

"दात न्हाईत. वय कसं कळावं?"

"बाबा, मागं पाटी हाय, तिच्यावर साल लिवलंय."

"पाठीवर वय लिवलेलं जनावर पयलंच बघतोय," भिमाजी म्हणाले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, म्हणून त्यांनी वाटी आणली होती. "ह्याचा खांदा कुठं?"

ज्योतीरामने सुळे वरखाली करणारा उभा सांगाडा दाखवला. त्यावर ग्रीसचा जाड थर होता. भिमाजींनी बोट फिरवून पाहिले आणि कौतुकाने मान डोलावली. "लेका, निगा राखतोस की!"

कित्येक महिन्यांनी बापाने 'लेका' म्हणून मारलेली ही पहिली हाक, असे ज्योतीरामने मला नंतर सांगितले.

गुरुवारी मॅनेजरसाहेबांसह आम्ही कारखान्यातले बरेचजण गावात गेलो. तेथे जे दिसले, त्याचे वर्णन संयमाने करणे कठीण आहे. दोन्ही सुळ्यांना हिंगूळ, टोकांना गोंडे, मध्ये वेसण, मागे शालनबाईने वळलेली काथ्याची शेपटी आणि अंगावर हरण्याची आरशांची झूल! वेशीवर हिंदुराव आडवे उभे होते.

"हे बैल न्हाई!"

"शिंगं हायेत," शालनबाई म्हणाली.

"शेण टाकतंय का?"

"धूर टाकतंय, मामा. तुमच्या अंगणात न्हाई टाकणार."

गर्दी खदखदली. पंचांनी दहा मिनिटे खल केला. जे ओझे वाहते आणि ज्याच्यावर घर चालते ते बैलच, असा निर्णय झाला. ढोल वाजले. फोर्कलिफ्ट ऐटीत निघाली आणि बरोबर तोरणाखाली येऊन आचका देऊन बंद पडली.

कारण साधे होते. भिमाजींनी पहाटे प्रेमाने झूल इतकी घट्ट आवळली होती की इंजिनाचा श्वासच कोंडला होता. ज्योतीराम घामाघूम होऊन किल्ली फिरवत राहिला. मागे बैल फुरफुरू लागले.

"घ्या बाजूला! चालंना झालं तुमचं जनावर," हिंदुराव गरजले.

भिमाजी काठी टेकत पुढे आले. मी त्यांचा चेहरा पाहिला. मान गेल्याचे दुःख त्यावर उमटू लागले होते. पण एकाएकी तो उजळला.

"अरं हिंदुराव, आज पोळा! आज कुणी बैल जुंपतं का? ह्याला कळलं, तुला न्हाई कळलं. त्यानं काम सोडलंय!"

हास्याचा असा कल्लोळ उठला की ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवले. शेवटी हिंदुरावही हसू लागले.

"मग आता, दादा?"

"आता काय? वरीसभर त्यानं वढलं, आज आपुन वढू. लाव खांदा!"

आमचे पँट-शर्टातले कामगार आणि गावचे फेटेवाले एकत्र भिडले. पुढे डाव्या शिंगाला हिंदुराव, उजव्याला आमचे मॅनेजरसाहेब. भालेकरांचा बैल तोरणाखालून पहिला गेला.

शालनबाईने पुरणपोळीचे ताट आणले. मालकाने खाण्याआधी बैलाला घास देण्याची रीत; पण घास नेमका कोठे द्यावा, हे कोणालाच उमगेना. ताट सुळ्यांपुढून चाकांपुढे आणि चाकांपुढून दिव्यांपुढे फिरले.

"आण इकडं," भिमाजी म्हणाले. "दात बघितल्यात मी, न्हाईत त्याला. त्याचं मीच चावतो."

बैलाच्या वाटणीच्या तीन पोळ्या त्यांनी तेथेच उभ्याने संपवल्या. मग खाली बसून स्वतःच्या मागितल्या.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला भिमाजी आमच्या फाटकाशी हजर होते. ज्योतीराम दिसताच त्यांनी हाक मारली, "ज्योत्या, आज जरा दमानं हाक रं. काल लई मिरवलंय ते."