पोस्ट चारवरची जोडी

मी सुभेदार पास्कल, गाव गिरीज, वसई. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर शारजाबाहेरच्या एका कंटेनर यार्डवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून हजर झालो. सात पोस्ट, प्रत्येक पोस्टवर दोन गार्ड, ड्यूटी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. माझ्याआधी तिथे हवालदार मकबूल गार्ड म्हणून आला होता. खरं तर त्यानेच मला बोलावून घेतलं. गाव दिवेआगर, पलटण माझीच. शारजातल्या रोल्ला भागात आमची एकच खोली होती आणि स्वयंपाक तो करायचा, कारण माझ्या हातचं खाऊन त्याचं पोट बिघडायचं.

मकबूल माझा बडी. हा शब्द सिव्हिलियन लोकांना समजावून सांगावा लागतो. फौजेत दोन शिपायांची जोडी लावतात. एक झोपला की दुसरा जागतो. आम्ही दोघं शिपाई असताना बर्फातल्या एका पोस्टवर पाच महिने होतो. तिथे हवा विरळ असते आणि माणसाचं डोकं त्याच्याही नकळत बिघडतं. म्हणून दर तासाला बडीला विचारायचं, नाव काय, गाव काय. उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं, तर वाद घालायचा नाही. त्याला खाली न्यायचं.

एका सकाळी साडेपाचला मकबूलने मला विचारलं. मी गाव बेळगाव सांगितलं. मला त्यात काहीच चूक वाटत नव्हती, उलट मी त्याला शिव्या दिल्या. त्याने मला दोराने स्वतःशी बांधलं आणि चार तास खाली ओढत आणलं. डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर उपयोग नव्हता.

शारजाच्या यार्डवर आम्ही हीच पद्धत चालू केली. जून ते सप्टेंबर, बारा ते तीन, दर तासाला रेडिओवर प्रत्येक गार्ड नाव आणि गाव सांगायचा. उन्हाने डोकं फिरलेला माणूस आवाजावरून कळतो. दोन उन्हाळ्यांत तिघांना आम्ही वेळेत सावलीत आणलं.

तिसऱ्या वर्षी कंपनीने कन्सल्टंट आणला. मिस्टर उवे. वय साठीकडे झुकलेलं, शर्टाला कडक इस्त्री, मनगटावर जाड घड्याळ. हा माणूस ऐन विशीत पूर्व जर्मनीचा सीमारक्षक होता. बर्लिनच्या भिंतीवर पहारा दिलेला. आमच्या मॅनेजरला त्याचं केवढं कौतुक. जो देश स्वतःच्याच लोकांना आत कोंडण्यासाठी भिंत बांधतो आणि एका संध्याकाळी ती भिंत हातची घालवून बसतो, त्या देशाच्या पहारेकऱ्याकडून आम्ही पहारा शिकायचा होता.

उवे कडक चहा पीत आपल्या नोकरीच्या गोष्टी सांगायचा. भिंतीवर पहाऱ्याला दोघे असत, पण जोडी कोणाशी हे ड्यूटीच्या तोंडावर कळे. मित्रामित्रांना एकत्र येऊ देत नसत. कारण बंदूक जितकी पळणाऱ्यावर, तितकीच शेजारच्यावर. तो पळाला तर तू गोळी झाड, तू पळालास तर तो झाडेल.

"परफेक्ट सिस्टिम," तो म्हणाला. "कोणीही कोणावर भरवसा ठेवायचा नाही. म्हणून चूक होत नाही."

"मग भिंत पडली कशी, सर?" मकबूलने विचारलं.

"तो पॉलिटिशियन लोकांचा गोंधळ. एक पुढारी टीव्हीवर पत्रकारांसमोर कागद वाचताना चुकला. प्रवास लगेच खुला म्हणाला. गर्दी गेटवर आली. आम्हाला वरून ऑर्डरच नव्हती. शेवटी गेट उघडलं."

"म्हणजे ऑर्डर नव्हती तेव्हाच बरोबर वागलात," मकबूल म्हणाला आणि कप विसळायला गेला.

उवेने आणखी एक गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. त्याच्या जोडीदाराने एकदा पहाऱ्यावर म्हटलं होतं की पलीकडे आपली बहीण राहते, तिला पाहावंसं वाटतं. एवढंच. उवेने ते वरिष्ठांना लिहून दिलं. त्याला आठवड्याची रजा मिळाली आणि जोडीदाराला तुरुंग. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या, गुप्त फायली लोकांना वाचायला खुल्या झाल्या, तेव्हा तो जोडीदार आपली फाइल काखेत घेऊन याच्या दारात उभा राहिला.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"सांगितलं, ऑर्डर होती. आणि दार लावलं."

मला त्याची किळस आली. आपल्याच जोडीदाराला विकून रजेवर जाणारा माणूस आमच्या पलटणीत एक दिवस टिकला नसता. मी हे मकबूलला खोलीवर दहा वेळा बोलून दाखवलं. उवेला एकदाही नाही.

जुलैमध्ये उवेची सिस्टिम लागू झाली. जोड्या रोज बदलणार, कोणाबरोबर ड्यूटी ते पंधरा मिनिटं आधी कळणार. शिफ्ट संपली की प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल चिठ्ठी लिहायची. तीन तक्रारी झाल्या की व्हिसा कॅन्सल. रेडिओवर खासगी बोलणं बंद.

"नाव-गाव खासगी नाही, सर," मी म्हणालो. "तो हेल्थ चेक आहे."

"सुभेदार, ही नर्सरी नाही. खलास. साइन करा."

आदेशावर सुपरवायझरची सही लागते. मी सही केली. अठ्ठावीस वर्षांची सवय, वरून कागद आला की हात आपोआप पेनाकडे जातो. त्या दिवशी मकबूलने भाजी आणि भात माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "पास्कलभाय, तुला पटलं काय?"

"ऑर्डर आहे रे."

"मी ऑर्डर नाय विचारली." तो जेवायला बसला.

पंधरा दिवसांत यार्डचं वातावरण नासलं. माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. एकाने पाण्याची बाटली दुसऱ्याला दिली तर तीही चिठ्ठीत यायची. उवे त्या चिठ्ठ्या रंगीत फायलींत लावायचा आणि मॅनेजरला दाखवायचा. दोघेही खूश होते. मी केबिनमध्ये बसून उवेला मनातल्या मनात शिव्या देत होतो आणि त्याचाच ड्यूटी चार्ट तयार करत होतो.

ऑगस्टमधला एक दिवस. पोस्ट चार, मागचं गेट. मकबूल आणि शिबू. शिबू केरळचा, गाव चेंगन्नूर, तिशीतला, घरी दोन मुली. त्याच्या नावावर दोन तक्रारी जमा होत्या. पोस्टवरच्या केबिनचा एसी सकाळी नऊला बंद पडला. मी मेंटेनन्सला कळवलं. उत्तर आलं, इन्शाल्ला दुपारपर्यंत. १२:०० ला सगळ्या पोस्टचा नियमाप्रमाणे रिपोर्ट झाला.

"पोस्ट फोर, ऑल ओके. ओव्हर."

आवाज मकबूलचा होता. थोडा जड वाटला. माझं बोट बटणावर होतं. नाव विचार, गाव विचार, असं मनात आलं. समोर उवे बसला होता. मी "रॉजर" म्हणून रेडिओ खाली ठेवला.

१:०० चा रिपोर्ट शिबूने दिला. ऑल ओके.

१:५० ला एका फोर्कलिफ्टवाल्याला मकबूल कंटेनरच्या रांगेमागे पडलेला दिसला. मी धावत गेलो. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं होतं. पाणी ओतलं, शर्ट फाडला, ॲम्ब्युलन्स बोलावली. मी त्याच्या कानाशी नाव विचारलं, गाव विचारलं. उत्तर आलं नाही. हॉस्पिटलच्या वाटेवर, २:३५ ला तो गेला.

शिबूच्या खिशात चिठ्ठी निघाली. "१३:२०. गार्ड मकबूल विदाउट परमिशन पोस्ट सोडून गेला."

"तुला दिसलं नाही का, तो बीमार आहे?" मी हिंदीत विचारलं.

शिबू म्हणाला, "साब, वो अजीब बात कर रहा था. मुझे लगा टेस्ट है. वो आपका आदमी है ना. मैं रेडियो करता तो तीसरा कंप्लेंट मेरा होता."

"क्या बात कर रहा था?"

"एक ही बात, साब. मकबूल, दिवेआगर. मकबूल, दिवेआगर. फिर नीचे जाना है बोला और चल दिया. दिवेआगर क्या है, मुझे मालूम नहीं."

त्याला कोणी विचारलं नव्हतं. तरी तो उत्तर देत होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीने चौकशी केली. उवे म्हणाला, "मी फक्त सल्ला दिला. सही सुपरवायझरची आहे." मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी सावधानमध्ये उभा होतो आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, ऑर्डर होती."

उवेने मान डोलावली. आपल्यातला एक सापडल्यासारखी. तोवर मी त्याला तुच्छ समजत आलो होतो. त्या क्षणानंतर तो हक्क मला राहिला नाही. त्याने जोडीदाराला विकून निदान रजा घेतली. मी माझा बडी फुकट दिला.

मकबूलला मी दिवेआगरला घेऊन गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, सहीसकट. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमी नीट जेवता ना आता? त्यांना तीच काळजी असायची."

परत आलो तेव्हा उवे दुसऱ्या कुठल्याशा कंपनीला पहारा शिकवायला गेला होता. अशा माणसांना गिऱ्हाईक मिळतंच. त्याचा आदेश भिंतीवर तसाच होता. मी तो काढला, फाडला आणि मॅनेजरला तसं लेखी कळवलं. त्याने काही केलं नाही. मी हे मकबूल जिवंत असताना केलं असतं, तरीही मॅनेजरने काही केलं नसतं. हे मला आता पक्कं माहीत आहे.

जोड्या पुन्हा कायमच्या झाल्या, फक्त शिबूचा जोडीदार अजून यायचा होता. १२:०० ला मी रेडिओ घेतला.

"ऑल पोस्ट, नाव आणि गाव. ओव्हर."

एक, दोन, तीन. मग पोस्ट चार.

"शिबू, चेंगन्नूर." बटण दाबलेलंच राहिलं होतं. त्याचा श्वास ऐकू येत होता. "मकबूल, दिवेआगर. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो. "पोस्ट पाच."