आचाऱ्याच्या तोंडची चव

काही प्रकरणं आठवावी लागत नाहीत, ती आपणहून येऊन बसतात. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी चोपड्याला फौजदार होतो.

एक पुढारी तीन जीपा भरून तक्रार द्यायला आले. मुलीच्या लग्नाला बोलावलेला आचारी आदल्या दिवशीच सगळा शिधा आणि पातेली घेऊन पसार झाला होता. ठाणे अंमलदाराने अफरातफरीचा कागद पुढे ओढला, तेवढ्यात खबऱ्या आला. म्हणाला, बाजार समितीच्या आवारात पंगती बसल्यात.

खरंच बसल्या होत्या. हमाल, गाडीवान, जो येईल त्याला आचारी वरणबट्टी वाढत होता आणि जेवण पुढाऱ्यांकडून आहे, असं ओरडून सांगत होता. पंचनाम्याला मुद्देमाल फारसा उरला नव्हता. बराचसा पंचांच्याच पोटात होता.

चौकशीत तो थांबेचना. अख्ख्या जिल्ह्याच्या पोलिसांना जेवू घालायचं म्हणत होता. मग त्याची बायको आली, तिच्याकडून कळलं. मन कधी आभाळाला, कधी तळाला जाण्याचा त्याला जुना आजार होता. जळगावच्या डॉक्टरांनी कायमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या त्याने सोडल्या होत्या. का, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. भाऊ म्हणाला, बरं वाटलं म्हणून. शेजारी म्हणाले, भगताने सांगितलं म्हणून. अटक झाली तर त्याला पुन्हा कुणी लग्नाला बोलावणार नव्हतं. मी त्याला कोठडीऐवजी बायकोसह जीपमध्ये बसवून जळगावला निघालो आणि वाटेत त्यालाच विचारलं.

पहिल्यांदाच तो हळू बोलला. "साहेब, गोळी लिधी का तोंडले लोखंडनी चव येस. मीठ समजत नही. मंग मी आचारी कसाना?"

मागून बायको म्हणाली, "इतलंच व्हतं? मीठ मी चाखसू. तुम्ही गोळी ल्या."

डॉक्टरांनी रक्त तपासून मात्रा बदलली. चव पुरती गेली नाही, पण कमी झाली.

इकडे बाजारात पुढाऱ्यांचा जयजयकार चालला होता. त्यांनी तक्रार मागे घेतली आणि ती पंगत आपलीच कल्पना होती, असं भाषणातही सांगितलं.

पुढे त्या जोडप्याच्या हातचं मी अनेकदा जेवलो. मीठ बरोबर असे. औषध सोडणारा माणूस बहुतेकदा काहीतरी वाचवत असतो. काय, ते त्यालाच विचारावं लागतं. त्यासाठी फौजदार लागू नये, एवढंच.