कार्ड माऊसने ओढा

प्रकल्पातले सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिची नजर गेली. तोवर ती प्रोग्रामिंग शिकली होती आणि ते सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता. कॉम्प्युटरचा पडदा मोठ्याने वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्राम तिला सापडला. त्याचा कोड कुणीही उघडावा, सुधारावा असा. आधी ती त्याच्या आधाराने काम करू लागली, मग त्याच्यावरच काम करू लागली.

दिवसा विमा कंपनीतली नोकरी, संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला हा प्रकल्प. इथे बटण मुकं आहे, तिथे तारीख उलटी वाचली जाते, अशा तक्रारी दूरदूरहून एका जुनाट वेबसाइटवर यायच्या. ताई त्या वाचायची, सारख्या असतील त्या एकत्र करायची आणि ज्याचं काम त्याच्या गळ्यात मारायची. वेबसाइटचा सर्व्हरही तीच सांभाळायची.

वेबसाइट वारंवार मान टाकायला लागली होती. त्यामुळे तक्रारी सांभाळायच्या एका नव्या साधनावर जायचं निघालं, तेव्हा पहिला होकार ताईचाच होता. योजना आखायला समिती नेमली. तिचा प्रमुख एक डिझायनर होता. सगळ्यांना कामाला लावायचा म्हणून त्याला मुकादम म्हणत.

समितीने साधन निवडलं आणि सगळ्यांना वापरून बघायला सांगितलं. ताईने ते उघडलं. प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड होतं, पण तिच्या कानात आवाज आला, "रिकामं. रिकामं. रिकामं." बऱ्याच वेळाने एक सूचना ऐकू आली, "कार्ड माऊसने ओढा."

पुढच्या बैठकीत फोनवर तिने विचारलं, "मुकादम, मला एकही कार्ड हलवता येत नाहीये."

"हो ताई, माहितीये. ते दुसऱ्या टप्प्यात घेतलंय."

"माहितीये?"

"तोवर मला सांगत जा ना, मी हलवीन तुमची कार्डं. त्यात काय एवढं!"

ताईची कानशिलं तापली. नजरेतून सुटलं असतं तर तिने समजून घेतलं असतं. यांनी तर बघून, विचार करून, मत टाकून ठरवलं होतं! ज्यांच्यासाठी प्रोग्राम, त्यांनाच दाराबाहेर उभं करायची योजना.

समितीत एक अनुवादक बाई होत्या, त्यांनाही दिसत नव्हतं. ताई म्हणाली, "तुम्ही तरी बोला."

"मी मुलीकडून करून घेईन," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच कशाला वाद?"

ते ऐकून ताईचा उरलासुरला तोल गेला. "सर्व्हरची किल्ली माझ्याकडे आहे. जुन्या तक्रारींतली एकही तुम्हाला मिळणार नाही."

"ताई, ही अडवणूक आहे," मुकादम म्हणाला.

"आहेच!" म्हणून तिने फोन ठेवला.

नवरा इलेक्ट्रिशियन. त्याने सगळं ऐकलं होतं. "चिडलीस ते बरोबर," तो म्हणाला. "पण अख्ख्या इमारतीचा मेन स्विच एकाच्याच कुलपात ठेवू नका, असं मी गिऱ्हाइकांना बजावत असतो."

"तू माझ्या बाजूचा आहेस की त्यांच्या?"

"तुझ्या. म्हणून तर सांगतोय."

ती त्याच्यावरही भडकली, जेवली नाही. पण मग तिने प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्यांना उघड पत्र लिहिलं. समितीने काय ठरवलं ते लिहिलं, आणि आपण किल्ली अडवून धरली तेही लिहिलं. किल्ली आणखी दोघांकडे देते, पण ज्यांना दिसत नाही त्यांनी नवं साधन आधी तपासायचं, मगच मुक्काम हलवायचा, एवढं म्हणून तिने पत्र संपवलं.

उत्तरांचा भडिमार झाला. कुणी टेलिफोन ऑपरेटर, कुणी वकील, कुणी निवृत्त शिक्षिका, सगळे समितीवर खवळलेले. योजना मागे घ्यावी लागली. दुसरं साधन निवडलं गेलं, दिसायला अगदीच बेचव, पण सगळं कीबोर्डवर चालणारं. मधल्या काळात कामाचा खोळंबा झाला आणि त्याचे बोल ताईने ऐकले.

मुकादम प्रकल्प सोडून गेला. जाण्याआधी त्याने फोन केला. "तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलंत."

"तू मला बाहेर काढत होतास, तेही जाणूनबुजून."

तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही चालवून घ्याल. नेहमी घेता."

कार्डांचा राग केव्हाच निवला, पण हे वाक्य आठवलं की अजूनही तिच्या हातातलं काम थांबतं आणि कानशिलं तापतात. राग आता त्याच्यावर कमी आणि आजवर चालवून घेतलेल्या सगळ्या वेळांवर जास्त असतो.